वंशावळीतला ‘परागंदा’ भाऊ आणि त्याची बायको

मॉरिशसच्या मराठी घरांत मी कोकणातली आहे हे कळलं की लगेच विचारणा होते, “आमचं गाव शोधून द्याल?” आडनावावरून शोधायला जावं तर इथे बऱ्याच घरांचं आडनाव म्हणजे आलेल्या पूर्वजाचं स्वतःचं नाव. मागे गावी त्या आडनावाचं कुणी सापडणारच नाही.

धागा लागतो तो दप्तरात. 1834 पासून इथल्या ऊसमळ्यांवर साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर आणले गेले. त्यातली कोकणातली माणसं मुंबई बंदरातून आली. त्या सगळ्यांच्या नोंदवह्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत आणि वंशजांना त्यांतला उतारा मिळतो. ओळखीच्या एका कुटुंबाने मला त्यांचा दाखवला. नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, गाव. आणि बायकोची स्वतंत्र नोंद, स्वतंत्र क्रमांक, तिच्याही बापाचं नाव. डाव्या भुवईवर व्रण, एवढंसुद्धा लिहिलेलं.

गाव ऐकून ऐकून लिहिलेलं, त्यामुळे अक्षरं बरीच मोडलेली. जिल्हा रत्नागिरी. इथे बरेच जण अडकतात, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1981 मध्ये. जुन्या कागदावर रत्नागिरी दिसलं तर देवगड-मालवणही धुंडाळायला हवं. सावंतवाडी मात्र संस्थान होतं, ते वेगळं.

गाव देवगडकडचंच निघालं. सुट्टीत गेले तेव्हा गुरवांनी देवळातल्या मानकऱ्यांची घरं सांगितली, आणि त्यांतल्या एका घरी अण्णांनी माळ्यावरून वंशावळ काढली. कापडावर चिकटवलेला लांबच लांब कागद, वरचा भाग मोडी लिपीत. बापाचं नाव जुळलं. दोन मुलगे; थोरल्याखाली पुढच्या पिढ्या, धाकट्यापुढे एकच शब्द: परागंदा.

“गेलो तो गेलोच, परत काय इलो नाय,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आजीकडून ऐकलेलं.

त्या संबंध कागदावर एकाही बाईचं नाव नाही. सुना नाहीत, लेकी नाहीत. मजुरांची मोजदाद करायला बसलेल्या परक्या कारकुनाने जी लिहून ठेवली, ती आपल्या घरात कुणालाच लिहावीशी वाटली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. अण्णांना मी तसं म्हटलंही. त्यांनी नातीला पेन आणायला सांगितलं आणि धाकट्याच्या शेजारी तिचं नाव लिहायला लावलं. मग थोरल्याच्या बायकोचं नाव आठवायला भावकीतल्या म्हाताऱ्या काकूंना बोलावणं गेलं.

तुमच्याकडे वंशावळ असेल तर ‘परागंदा’ लिहिलेलं कुणी आहे का, तेवढं बघा आणि मला कळवा. आणि आजी आहे तोवर तिच्या सासूचं, आजेसासूचं नाव, माहेर, जमलं तर माहेरचं कुलदैवतही विचारून लिहून ठेवा.