सहीचा धनी

लग्नाला अकरा वर्षे झाली, पण यांच्यासोबत एका छपराखाली काढलेले दिवस मोजले तर तीन वर्षेही भरत नाहीत. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती आम्ही महागाच्या बियाण्यासारखी पुरवून वापरतो: थोडी पेरणीला, थोडी पोळ्याला आणि उरलेली तूर काढण्याला. अर्थात रजा मिळते ती पलटणीच्या सोयीने. मृग नक्षत्राशी तिचे काही देणेघेणे नसते.

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मला सगळे एकच विचारतात, भीती वाटत नाही का? शेजारच्या काकूंचा प्रश्न मात्र वेगळा असतो. "तुया नवऱ्याले पुलगावले बदली काहून नाही भेटत वं?" पुलगावला दारूगोळ्याचे भांडार आणि कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र असल्यामुळे, फौज म्हणजे एसटीने जाऊन संध्याकाळी परत येण्याची जागा, असा त्यांचा समज आहे. हे सध्या फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी आहेत आणि त्यांच्या पत्त्यात गावाचे नाव नसते, फक्त '56 एपीओ' हा फौजी टपालाचा क्रमांक असतो. भीती वाटतेच, पण हरभऱ्याला पाणी द्यायची वीज रात्री बाराला येते, तेव्हा सासूबाईंच्या हातात बॅटरी देऊन वावरात निघताना ती भीती घरीच राहते. मला खरे थकवले ते कागदांनी.

पहिला घोळ माझ्या नावाचा झाला. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले आणि सगळ्यांनी हौसेने टाळ्या वाजवल्या. माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि यांच्या सेवा-नोंदीत त्या दोहोंच्या मधलेच काहीतरी गेले. जवानाचे लग्न, मुलाचा जन्म अशा प्रत्येक गोष्टीची नोंद पलटणीतून 'पार्ट टू ऑर्डर'ने रेकॉर्ड ऑफिसात जाते, आणि पत्नीचे आश्रित कार्ड, दवाखाना, उद्या वेळ आलीच तर कुटुंब निवृत्तिवेतन, हे सारे त्याच नोंदीवर उभे असते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, आणि त्यांच्या प्रती पलटणीकडे पाठवणे असे करत, तांदळावर एका मिनिटात लिहिलेले नाव सगळ्या कागदांवर सारखे व्हायला चौदा महिने गेले. नणंदेच्या लग्नात ते तांदळाचे ताट मी मांडूच दिले नाही. त्यावरून दोन दिवस घरात अबोला होता, पण तो परवडला.

दुसरा घोळ शेताचा. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्यानंतर पाच एकरांचा सातबारा यांच्या नावावर झाला. पेरणी मी ठरवते, मजुरांना वेचणीचे पैसे किलोवर मोजून मी देते, गुलाबी बोंडअळीसाठी बोंडे फोडून मी पाहते, आणि कापूस हिंगणघाटच्या बाजारात नेते तीही मीच. तरी कागदोपत्री शेतकरी म्हणजे हे. एप्रिल 2025 पासून शेतीच्या सरकारी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तेव्हा मी सगळे कागद घेऊन सेतू केंद्रात गेले. तिथल्या मुलाने आधार क्रमांक टाकला आणि म्हणाला, "वहिनी, ओटीपी सांगा." तो ओटीपी गेला होता यांच्या मोबाइलवर, आणि मोबाइल होता जिथे रेंजच नाही अशा ठिकाणी. अंगठा द्यायचा तर माणूस समोर हवा. ओटीपी दहा मिनिटांत मरतो, आणि हे खाली उतरून फोन करतात तो चार-पाच दिवसांतून एकदा, तोही कधी पहाटे तर कधी रात्री.

मी त्या मुलाचा नंबर घेऊन ठेवला. पाचव्या दिवशी रात्री साडेनऊला यांचा फोन आला. मी म्हटले, "बोलू नका, फोन चालू ठेवा," आणि माझ्या मुलाला झोपेतून उचलून कडेवर घेऊन सेतूवाल्याच्या घरी पळाले. त्याने जेवण अर्धवट सोडून हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. ओटीपीचे सहा आकडे हे एकेक करून, वायरलेसवर सांगावेत तसे, दोन-दोनदा सांगत होते. काम झाले आणि फोन कटला. ते कसे आहेत हे विचारायचे राहूनच गेले.

आम्ही दोघांनी संयुक्त खाते आधीच काढले होते, हे फार बरे झाले. जिच्या घरातला माणूस नव्याने भरती होतो, तिला मी आता अभिनंदनाच्या पेढ्यासोबत दोन सल्ले देऊनच टाकते: नाव सगळ्या कागदांवर सारखे करून घे आणि संयुक्त खाते काढ.

त्यानंतरच्या जूनमध्ये हे रजेवर आले आणि पीक कर्जाच्या नूतनीकरणासाठी आम्ही दोघे तालुक्याच्या बँकेत गेलो. साहेबांनी यांना खुर्ची दिली, फौजी म्हणून चहा मागवला. मी मागे, दाराजवळच्या बाकावर बसले. "यंदा कापूस किती, तूर किती?" साहेबांनी विचारले. हे क्षणभर थांबले आणि खुर्चीतच मागे वळून माझ्याकडे पाहू लागले.

"कापूस साडेतीन एकर, त्यातच तुरीच्या ओळी," मी बाकावरूनच सांगितले, "आणि दीड एकर सोयाबीन."

साहेबांनी सगळे लिहून घेतले आणि कागद सहीसाठी यांच्यापुढे सरकवला.