वानवडीच्या मुलाखतीआधी

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या (एएफएमसी) यादीत माझे नाव आले आहे आणि पुढच्या आठवड्यात वानवडीला मुलाखतीसाठी जायचे आहे. आपल्याकडे एमबीबीएसच्या बहुतेक जागा केवळ नीटच्या गुणांवर भरल्या जातात, त्यामुळे डॉक्टर का व्हायचे हे समोर बसलेल्या माणसांना सांगण्याची वेळ फारशी कोणावर येतच नाही. एएफएमसीत ती येते. नीटच्या गुणांखेरीज इंग्रजी आणि तर्कशक्तीची अर्ध्या तासाची टोएलर परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, ५० गुणांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असा तेथला क्रम आहे. भारतीय विद्यार्थ्यांच्या १४५ जागांपैकी मुलींसाठी ३० आहेत.

टोएलरची चिंता वाटत नाही. सराव केला की ते जमते. मन अडकते ते ‘सैन्यातच का?’ या प्रश्नापाशी. तयार उत्तरांच्या पुस्तिकांमध्ये पहिल्याच ओळीत ‘देशसेवा’ असते, पण गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात राबणारा डॉक्टरही देशाचीच सेवा करतो, तेव्हा तेवढ्याने माझ्या निवडीचे कारण सांगून होत नाही. शिवाय सैन्यातला डॉक्टर म्हणजे केवळ जखमा शिवणारा, हा समजही अपुरा आहे. याच महाविद्यालयात शिकलेल्या आणि २०२० साली लेफ्टनंट जनरल झालेल्या माधुरी कानिटकर या मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ आहेत. जवानांची कुटुंबेही सैन्याच्याच रुग्णालयांत येतात, हे त्यांच्याविषयी वाचताना प्रथम नीट उमगले.

आज देशपांडे सरांनी सरावासाठी मुलाखत घेतली आणि विचारले, “दोन जखमी समोर आहेत. आपल्या जवानाच्या दंडाला गोळी चाटून गेली आहे, शत्रूच्या सैनिकाच्या पोटात रक्तस्राव होत आहे. आधी कोणाकडे जाल?” मी म्हटले, “शत्रूच्या सैनिकाकडे, सर.” हे उत्तर केवळ माझ्या भावनेचे नाही. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात स्पष्ट म्हटले आहे की उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय तातडीवर ठरावा. भारत या कराराला बांधील आहे. तरीही उत्तर देताना छाती धडधडली, कारण त्या दंडाच्या जखमेने कळवळणारा मुलगा आपल्याच गावचा असू शकतो, आणि त्याला थांबायला सांगण्याचे बळ अंगी यावे लागेल. मला सैन्यातच जायचे आहे ते याचसाठी: जिथे माणसाला शत्रू म्हणून पाहण्याची सर्व कारणे हजर असतात, तिथे त्याला रुग्ण म्हणून पाहणारे कोणीतरी असले पाहिजे, आणि ते काम मला करायचे आहे.

रात्री जेवताना आईने बाँडचा विषय काढला. शिक्षणाचा खर्च सरकार करते आणि त्याबदल्यात सेवा द्यावी लागते. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाले तर सात वर्षे, परमनंट म्हणजे कायमचे मिळाले तर त्याहून पुष्कळ अधिक. “बदली कुठेही होईल गं, सणासुदीलाही घरी नसशील,” असे ती म्हणाली. मी तिची समजूत घातली नाही, कारण ती म्हणते ते खरेच आहे. मुलाखतीत हा प्रश्न आला तर तेथेही मी हे लपवणार नाही: घरापासून दूर राहणे मला जड जाईल, आणि तरीही मी जाईन.

सरांचा शेवटचा प्रश्न मात्र अजून मनात घोळतो आहे: वरिष्ठ अधिकाऱ्याने आधी आपल्या जवानाला पाहण्याची आज्ञा केली तर? झोपण्यापूर्वी उत्तर लिहून ठेवले. मी आदराने सांगेन की सर, या जवानाची जखम थोडा वेळ थांबू शकते, तो सैनिक थांबू शकत नाही. तोवर परिचारक जवानाच्या दंडाला पट्टी बांधेल आणि पोटाचा रक्तस्राव आटोक्यात आला की मी स्वतः त्याच्याकडे येईन.