काट्यावरचा एक एप्रिल

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी नोकरीला होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. २०१६-१७चा गाळप हंगाम चालू होता आणि ४ जानेवारीच्या पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला. रात्रपाळीचा काटा लिपिक बोलत होता. वीज बनवणारी टर्बाइन अचानक बंद पडून (ट्रिप होऊन) सगळा कारखाना दहा मिनिटे अंधारात गेला होता, वीज परत आल्यावर वजनकाट्याचा संगणक सुरूही झाला होता, पण वजनाचा प्रोग्रॅम ‘हंगाम सापडत नाही’ एवढेच सांगून थांबत होता. बगॅसपासून, म्हणजे उसाच्या चोथ्यापासून, वीज करून ती बाहेर विकणाऱ्या कारखान्याच्या काट्यावर धड चालणारा यूपीएस नसावा, याचे त्या वेळी कोणालाच विशेष वाटत नसे.

काळ्या पडद्यावर ‘डेट’ एवढाच शब्द टाईप करून एंटर दाबायला मी त्याला सांगितले. या कमांडपुढे काही लिहिले नाही, तर ती फक्त संगणकाची तारीख आणि वेळ दाखवते, कशालाही हात लावत नाही. त्याने वाचून दाखवले ते साल २००९ होते. दुखणे तिथेच कळले. संगणक बंद असताना तारीख-वेळ सांभाळते ते मदरबोर्डवरचे छोटे हार्डवेअर घड्याळ. ते रुपयाच्या नाण्याहून थोड्या कमी आकाराच्या, सीआर २०३२ नावाच्या, तीन व्होल्टच्या चपट्या सेलवर चालते. सेल मेला की वीज जाताच घड्याळही आपली जागा विसरते आणि मदरबोर्ड बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या तारखेवर, आमच्या बाबतीत १ जानेवारी २००९वर, जाऊन बसते. प्रोग्रॅमला २००९मध्ये आमचा हंगाम सापडणे शक्यच नव्हते.

एरवी मी उठून गेलो असतो. पण गव्हाण, म्हणजे ऊस मिलकडे नेणारा पट्टा, चालू होती, काट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग वाढत होती आणि ऊस नसल्यामुळे मिल थांबली, तर सकाळी जाब कोणाला विचारला जातो हे मला ठाऊक होते. म्हणून अर्धवट झोपेतच मी त्याला फोनवरून तारीख घालायला सांगितली. ‘डेट’ लिहा, एक जागा सोडा, मग सलग बारा आकडे: आजची तारीख आणि महिना, मग वेळ, मग साल. त्याने प्रामाणिकपणे ०४०१०२४५२०१७ असे बारा आकडे टाईप केले. मी विचारले, “आली का बरोबर?” तो म्हणाला, “होय साहेब, दोन पंचेचाळीस, दोन हजार सतरा.” प्रोग्रॅम सुरू झाला, पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला आणि मी पुन्हा झोपलो.

चूक त्याची नव्हती, माझी होती. या कमांडला बारा आकडे हवे असतात ते महिना, दिवस, तास, मिनिट आणि साल या क्रमाने, म्हणजे आधी महिना. ०४०१चा अर्थ आपल्या लेखी चार जानेवारी होतो, संगणकाच्या लेखी एक एप्रिल. त्या रात्री तारीख १३ किंवा त्यापुढची असती, तर तेरावा महिनाच नसल्यामुळे कमांडने ती लगेच नाकारली असती आणि आम्ही दोघेही सावध झालो असतो. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत मात्र ही चूक बिनबोभाट खपून जाते. उत्तरादाखल पडद्यावर उमटलेली ओळ ‘सॅट एपीआर १’, म्हणजे शनिवार, एप्रिल १, अशी सुरू होत होती. तिच्यातली वेळ आणि साल, म्हणजे तिघांपैकी दोघे, अगदी बरोबर होते आणि आमच्या लिपिकाने तेवढेच वाचले. मीही तेवढेच ऐकले.

पुढचे चार तास कोणाच्याच लक्षात काही आले नाही, त्याचे कारण पावतीत होते. पावतीवर तारीख नुसत्या आकड्यांत छापली जायची. ०४/०१/२०१७च्या जागी ०१/०४/२०१७ आले. पेंगुळलेल्या डोळ्यांना आकडे तेच, साल तेच आणि वजनही बरोबर. सकाळी पावणेसातच्या सुमारास एक वयस्कर शेतकरी काट्याच्या खिडकीशी आले. आपल्या खेपेची पावती ते चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचतात, अशी त्यांची ख्यातीच होती. पावती खिडकीतून आत सरकवत ते म्हणाले, “ह्यो महिना कुठला वो? आमास्नी एप्रिल फूल केलासा का काय?”

त्यांचा प्रश्न थट्टेचा वाटला, तरी त्यामागे हिशेब होता. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत शेतकऱ्याला त्याची किंमत द्यावी लागते आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. खरी तारीख धरली तर त्या खेपेची मुदत १८ जानेवारीला संपत होती, पावतीवरची धरली तर १५ एप्रिलला. बिले पंधरवड्याची निघत असल्याने ही खेप जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याच्या बिलात आलीच नसती.

मी सात चाळीसला काट्यावर पोचलो. पाळी चारलाच बदलली होती. नव्या लिपिकाने, मी यायची वाट पाहत, घड्याळ दुरुस्त करण्याची कमांड अर्धी टाईप करून ठेवली होती. या वेळी महिना आधी होता आणि आकडेही बरोबर होते. तरीही एंटर दाबू नका, असे मी त्याला सांगितले. त्या दिवशी मी नीट विचार करून घेतलेला हा पहिला निर्णय.

काट्यावर प्रत्येक वाहनाचे वजन दोनदा होते. आत येताना भरलेले आणि ऊस उतरवून बाहेर जाताना रिकामे. दोन्हींतला फरक म्हणजे उसाचे वजन. रात्री घड्याळ पुढे गेले तेव्हा यार्डात ३८ वाहने होती. त्यांचे भरलेले वजन जानेवारीतले आणि रिकामे एप्रिलमधले झाले. अहवालात यापैकी एका ट्रॅक्टरचा यार्डातला मुक्काम २,०९१ तास दिसत होता, म्हणजे ८७ दिवस आणि तीन तास. हे हास्यास्पद होते, पण प्रोग्रॅमने ते चालवून घेतले होते, कारण आधी भरलेले आणि नंतर रिकामे हा क्रम मोडला नव्हता. आता मात्र यार्डात २६ वाहने अशी होती, ज्यांचे भरलेले वजन एप्रिलमध्ये नोंदले गेले होते. मी त्याच क्षणी घड्याळ ८७ दिवस मागे घेतले असते, तर त्यांचे रिकामे वजन भरलेल्या वजनाच्या आधीचे ठरले असते, प्रोग्रॅमने एकेक वाहन अडवले असते आणि काट्यावरच भांडणे लागली असती. घड्याळ पुढे ढकलले तर मध्ये नुसती मोकळी जागा पडते. मागे ओढले, तर तोच काळ दुसऱ्यांदा येतो आणि नोंदी एकमेकींवर चढतात.

म्हणून भरलेल्या वाहनांचे वजन थांबवले आणि चुकीच्या घड्याळावरच त्या २६ वाहनांची रिकामी वजने होऊ दिली. यार्ड मोकळे व्हायला नऊ वाजून दहा मिनिटे झाली. तोवर रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर गेली होती आणि शेतकी अधिकाऱ्यांनी मला जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्यांचेही खरे होते, तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वजन शेतकऱ्याचे घटते.

वाट पाहण्याच्या त्या दीड तासात मी हार्डवेअर घड्याळ वाचून पाहिले. त्याची कमांड वेगळी, ‘एचडब्ल्यूक्लॉक’. ते अजून १ जानेवारी २००९मध्येच सुखाने चालत होते, सकाळचे पावणेअकरा दाखवत. आमचा संगणक ज्या प्रणालीवर चालायचा त्या लिनक्समध्ये ही दोन घड्याळे वेगळी असतात. ‘डेट’ने आपण बदलतो ते चालू प्रणालीचे घड्याळ, जे १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून जागतिक वेळेनुसार सेकंद मोजत असते. ते बदलले म्हणून मदरबोर्डवरचे घड्याळ लगेच बदलत नाही, तिथे वेळ वेगळी लिहून ठेवावी लागते. रात्री मी ते सांगायलाही विसरलो होतो, म्हणजे वीज पुन्हा गेली असती तर आम्ही पुन्हा २००९मध्येच उगवलो असतो.

मग दुसरी गोष्ट दिसली आणि मला खरोखर घाम फुटला. रोज पहाटे तीनला आपोआप चालणारे एक काम मीच लावून ठेवले होते. ते डेटाबेसचा नवा बॅकअप घ्यायचे आणि ३० दिवसांहून जुने बॅकअप काढून टाकायचे. पावणेतीनला एप्रिल उगवला, पंधरा मिनिटांनी ते काम जागे झाले आणि त्याला संपूर्ण डिसेंबरचे, इतकेच काय आदल्या दिवशीचेही बॅकअप ८० दिवसांहून जुने दिसले. त्याने ते इमानेइतबारे पुसून टाकले. फोल्डरमध्ये एकच फाईल उरली होती, पहाटेची, चुकलेल्या नोंदी पोटात घेतलेली. लेखा विभाग रात्री आठच्या पाळीबदलाला काट्याची एक प्रत आपल्या सर्व्हरवर ओढून घेत असे म्हणून निभावले. ती पद्धत त्यांनी माझ्यावरच्या अविश्वासापोटी सुरू केली होती आणि मी तिच्यावर वर्षभर कुरकुर केली होती.

नऊ बाराला संगणक बंद केला आणि पेटी उघडली. जुना सेल मल्टिमीटरवर दीड व्होल्टही भरत नव्हता. नवा बसवून संगणक सुरू केला, वजनाचा प्रोग्रॅम बंदच ठेवला आणि या वेळी कागदावर आधी लिहून घेतले: ०१, ०४, ०९, २५, २०१७. मोबाइलवर नऊ पंचवीस होताच एंटर दाबले. मग नुसते ‘डेट’ लिहून ओळ पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचली: बुधवार, जानेवारी, चार. जागतिक वेळ दाखवायला सांगितल्यावर तीन पंचावन्न आले. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असते, म्हणजे कालविभागही ठीक होता. त्यानंतरच ती वेळ हार्डवेअर घड्याळात लिहिली.

नोंदींची दुरुस्ती दुपारी झाली. एकूण १३१ वाहने होती. ३८ वाहनांचे फक्त रिकामे वजन, ९३ वाहनांची दोन्ही वजने. तारखा हाताने नव्याने घालण्याऐवजी प्रत्येक चुकीच्या वेळेतून नेमके ८७ दिवस, म्हणजे ७५,१६,८०० सेकंद वजा केले, कारण तास-मिनिटे बरोबरच होती आणि ती मला बिघडवायची नव्हती. यादीवर शेतकी अधिकाऱ्यांची सही घेतली, दुरुस्त पावत्या गट कार्यालयांमार्फत पाठवल्या. तक्रार घेऊन आलेल्या त्या शेतकऱ्याने नवी पावती घेतली, पण जुनी परत करायला साफ नकार दिला. “राहू दे, नातवंडांना दाखवीन,” म्हणाले.

त्याच आठवड्यात पावतीवर महिना अक्षरांत छापायला सुरुवात केली आणि काट्याचे संगणक ऑफिसच्या सर्व्हरकडून नेटवर्कवर वेळ घेऊ लागले. त्यातही एक अडचण निघाली. वेळ जुळवणाऱ्या त्या सेवेला १,००० सेकंदांहून जास्त फरक दिसला, तर ती घड्याळ न बदलता स्वतःच बंद पडते. म्हणजे नेमक्या आमच्यासारख्या प्रसंगी तिने हात वर केले असते. सुरू होताना एकदाच कितीही मोठी उडी मारण्याची तिला परवानगी द्यावी लागली.

त्या वर्षी ऊस कमी होता. १ एप्रिल २०१७ खरोखर उजाडला तेव्हा आमचे गाळप संपून गेले होते, यार्डात पाचट उडत होते आणि मी हंगामाची आकडेवारी बंद करायला काट्यावर एकटाच बसलो होतो. ‘डेट’ टाईप केले. ‘सॅट एपीआर १’ आले. मग त्या तारखेची वजने डेटाबेसमधून मागवून पाहिली. एकही नोंद निघाली नाही.