लिंकनशायर : शेताच्या बांधावरून टायफून

आई दोन महिन्यांसाठी पुण्याहून लेस्टरला आली, तेव्हा लंडनच्याही आधी तिला लिंकनशायरला नेलं. तीस वर्षं हवाई दलाच्या तळाशेजारी, लोहगावात राहिलेली बाई. सुखोईच्या आवाजाने कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, ही तिची जुनी तक्रार. पण थांबून, मान वर करून ते विमान नीट पाहायला तिला कधी मिळालंच नाही. तिथे भिंत, तारा आणि 'फोटो काढण्यास मनाई'च्या पाट्या.

लिंकनशायर म्हणजे सपाट जमीन, कोबी, बीट, बटाटा आणि ट्रॅक्टरमागे साचलेली गाड्यांची रांग. आणि याच शेतांमधून ब्रिटिश हवाई दलाचे तळ. आम्ही आधी कोनिंग्जबीला गेलो. इथे टायफून लढाऊ विमानं असतात आणि त्यातली काही चोवीस तास सज्ज ठेवलेली असतात. अनोळखी विमान ब्रिटनच्या हद्दीकडे येताना दिसलं, तर दक्षिणेकडून इथली आणि उत्तरेकडून स्कॉटलंडमधल्या लॉसीमाउथची विमानं झेपावतात. 2015 च्या जुलैत भारत-ब्रिटनच्या 'इंद्रधनुष' सरावासाठी आपल्या हवाई दलाची सुखोई-30 विमानं याच धावपट्टीवर उतरली होती. हे सांगितल्यावर आईचा चेहरा एकदम बदलला. "म्हणजे आपलीच माणसं येऊन गेलीत की रे इथे!"

डॉगडाइक रोडला कुंपणाबाहेर आधीच दहाबारा माणसं होती. घडीच्या खुर्च्या, थर्मास, लांबलचक लेन्स. शेजारच्या आजोबांनी आईला आपल्या कानावरचे जाड इअर-डिफेंडर काढून दिले. तिने ते पदरावरूनच चढवले. पहिला टायफून निघाला तेव्हा आवाज कानाला नाही, आधी छातीच्या हाडाला लागला. मागे दोन नारिंगी ज्वाळा, हवा थरथरतेय, आणि पलीकडच्या शेतातला ट्रॅक्टर मात्र एका रेषेत चाललेला. विमान ढगात गेलं तरी आईने मान खाली केली नाही.

जाणाऱ्यांनी एवढं नक्की करा : वार कामाचाच निवडा. शनिवार-रविवारी सहसा सराव नसतो; त्या दिवशी जाऊन रिकामी धावपट्टी पाहून परतलेले लोक मला माहीत आहेत. विमानं वाऱ्याच्या तोंडावर उडतात आणि उतरतात. इथे वारा बहुतेकदा पश्चिमेचा, तरी सकाळी अंदाज पाहून कुठल्या टोकाला थांबायचं ते ठरवा. रस्त्यावरून फोटो काढायला कुणी अडवत नाही, पण शेताच्या फाटकासमोर गाडी लावू नका, शेतकऱ्याचं काम अडतं. एअरबँड रेडिओ दुकानात मिळतो, पण वैमानिकांचं बोलणं त्यावर ऐकणं ब्रिटनमध्ये बेकायदा आहे. लहान मुलं असतील तर कानांची सोय घरूनच न्या.

कोनिंग्जबीच्या याच तळावर दुसऱ्या महायुद्धातला लँकेस्टर बॉम्बर सांभाळलेला आहे. जगात उडण्याजोगे लँकेस्टर दोनच, दुसरा कॅनडात. तो आकाशात दिसेल याची खात्री धरू नका. त्याचे कार्यक्रम उन्हाळ्यात असतात, हिवाळ्यात डागडुजी. हँगरमध्ये तो पाहता येतो का, कोणत्या वेळी, हे निघण्याआधी तपासा. जवळच ईस्ट कर्कबीला दुसरा एक लँकेस्टर आहे, 'जस्ट जेन'. तो उडत नाही, पण चारही इंजिनं सुरू करून मैदानात फिरवतात. आत बसायचं असेल तर जागा फार आधी धरावी लागते. बाहेरून पाहणंही पुरेसं आहे, असं माझं प्रामाणिक मत.

कोनिंग्जबीत जेवायला थांबलात तर चर्चचं घड्याळ पाहा. त्याला एकच काटा आहे. मिनिटं आपली आपण अंदाजाने धरायची.

लिंकनजवळच्या वॉडिंग्टन तळावर 2022 पासून रेड ॲरोजचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती पथकाचा मुक्काम आहे. लाल हॉक विमानं दिसली तर उत्तमच, पण उन्हाळ्यात ती प्रदर्शनांसाठी बाहेर असतात, म्हणून फक्त त्यांच्यासाठी वाट वाकडी करू नका. लिंकनच्या उत्तरेला ए-15 वरून गेलात तर स्कॅम्प्टनच्या हवाई तळापाशी सरळसोट रोमन रस्ता धनुष्यासारखा वाकलेला दिसेल. 1950 च्या दशकात व्हल्कन बॉम्बरसाठी धावपट्टी लांबवली, तेव्हा रस्त्यालाच बाजूला केलं. हा तळ आता बंद झालाय. आणखी उत्तरेला हंबरसाइडचा छोटा विमानतळ. तिथून ॲमस्टरडॅमची विमानं सुटतात, शिवाय उत्तर समुद्रातल्या कामगारांना नेणारी हेलिकॉप्टरं आणि तटरक्षकांचं बचाव हेलिकॉप्टरही. आम्हाला तिथवर जाणं जमलं नाही.

परतीच्या वाटेवर मात्र क्रॅनवेलचं हवाई दल कॉलेज चुकवू नका. भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तुकडीतले अधिकारी याच कॉलेजात शिकले, पुढे आपल्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी त्यांच्यातलेच. 8 ऑक्टोबर 1932 ला भारतीय हवाई दलाची अधिकृत स्थापना झाली, म्हणून तोच आपला हवाई दल दिन. आत सोडत नाहीत, पण कॉलेजचा घुमट रस्त्यावरून दिसतो. जवळच नॉर्थ रॉसबीला छोटं संग्रहालय आहे, गाडी तिथे लावता येते. आई गाडीतून उतरली, चप्पल नीट केली आणि त्या घुमटाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "एक फोटो काढ. लोहगावच्या भिशीत दाखवते."