‘समुद्राकाठचा संन्यासी’ : आठवडा सहावा, आभाळ अजून सुरूच

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की दोन रविवारांत आभाळ उरकेल. चार गेले, वरचा थर अजून बोटाला लागतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : कास्पार डाव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराच्या ‘समुद्राकाठचा संन्यासी’ या चित्राची प्रत करतेय. मूळ ११० बाय १७१.५ सेंटिमीटर, बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. माझी साधारण एक तृतीयांश, तैलरंगात.

चित्रात खाली फिकट वाळूची पट्टी, तिच्यामागे जवळजवळ काळा समुद्र आणि बाकी सगळं आभाळ, तीन चतुर्थांशाहून जास्त. वाळूवर पाठमोरा संन्यासी, माझ्या कॅनव्हासवर बोटाच्या पेराएवढा. त्या काळच्या निसर्गचित्रात कडेला झाडं असायची, नजरेला आत नेणारी वाट असायची. इथे नजरेला टेकायला काही नाही. १८१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात ते लागलं तेव्हा लेखक क्लाइस्टने लिहिलं होतं, बघताना आपल्या पापण्याच कापून टाकल्यासारखं वाटतं.

आता काम. पहिला राखाडी मी काळ्या-पांढऱ्यातून केला. वाळल्यावर सिमेंटच्या भिंतीसारखा दिसला, सगळा खरवडून काढला. दुसऱ्यांदा खाली पिवळसर, कोमट राखाडी दिला आणि तो नीट वाळू दिला. त्यावर प्रशियन ब्लू या गडद निळ्यात चिमूटभर बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग घालून, लिनसीड तेलात पातळ करून हात मारला आणि कोरड्या चपट्या ब्रशने थोपटत राहिले. तिसऱ्या थराला खालची ऊब निळ्यातून दिसायला लागली. क्षितिजाजवळ ढग समुद्राइतकेच गडद आहेत, तिथे कडा बोटाने पुसून मऊ केली. रेघ राहिली की समुद्र लगेच छोटा होतो.

या आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं मात्र वेगळंच. रंगाखालचं दाखवणाऱ्या इन्फ्रारेड तपासणीत दिसलंय की फ्रीडरिशने या समुद्रावर आधी जहाजं आखली होती आणि मग ती काढून टाकली. म्हणून मीही मुद्दाम एक जहाज रंगवलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. चित्राची एकदम गोष्ट झाली : हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय. नजर त्याच्यावरून जहाजावर जायची आणि तिथेच थांबायची. रविवारी जहाज बुजवलं. आता तो कशाचीच वाट बघत नाही, आणि त्याच्या जागी मीच उभी राहते.

फ्रीडरिश ज्या कलाप्रवाहातला, त्या रोमँटिसिझमबद्दल ‘बुद्धीपेक्षा भावना’, ‘निसर्गाचं उदात्त रूप’ असं बरंच वाचलं होतं. चित्रकाराने समोरचं तर रंगवावंच, पण स्वतःच्या आत दिसतं तेही रंगवावं, असं फ्रीडरिश म्हणायचा. मला वाटायचं, म्हणजे चित्रात काहीतरी भरायचं. ते जहाज बुजवताना उलटं कळलं. निसर्ग इथे कुणाच्या गोष्टीची मागची बाजू नाही, आणि भावना संन्याशाच्या चेहऱ्यावर शोधायची सोय फ्रीडरिशने ठेवलेलीच नाही, कारण चेहरा दिसतच नाही.

पुढच्या रविवारी लाटांचे पांढरे तुरे आणि समुद्रपक्षी, अगदी बारीक, शून्य नंबरच्या ब्रशने. एक विचारायचंय : प्रशियन ब्लूचा पातळ थर देताना तुम्ही तेल किती घेता? माझ्याकडे डाव्या कोपऱ्यात अजून चकाकी येतेय.