तुम्ही विचारलंत म्हणून : प्रोजेक्टचा प्रमुख दरवर्षी बदलायचा का?

ओपन सोर्स प्रोजेक्ट (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर) जरा वाढला, अनोळखी माणसं नेमाने पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवू लागली, की कुणीतरी मला हे विचारतंच : 'आता नियमावली लिहायची का? आणि लीडर दरवर्षी बदलायचा का?' विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. एक तर त्याला निवडणुका हव्या असतात, नाहीतर 'ज्यानं सुरू केलं त्याचंच चालू दे, नियमांचं लचांड कशाला' एवढं ऐकायचं असतं. मी दोघांनाही सांगतो, किती वर्षांनी बदलायचा ते मागाहून पाहू. लीडर उद्यापासून दिसेनासा झाला तर काय करायचं, ते आधी लिहून काढा.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेकडे बघा. ती बनवणाऱ्या गीडो व्हान रॉसम यांचं पद 'आजन्म परोपकारी हुकूमशहा' असं अर्धं गमतीनं म्हटलं जायचं, आणि 1991 पासून ते चाललंही उत्तम. मग पेप 572 आला (पेप म्हणजे भाषेत बदल सुचवणारा लेखी प्रस्ताव). एक्स्प्रेशनच्या आतच व्हेरिएबलला किंमत देणारं चिन्ह असावं की नाही, एवढाच मुद्दा. पण वाद इतका चिघळला की प्रस्ताव मंजूर केल्यावर जुलै 2018 मध्ये त्यांनी पदच सोडलं. वारस नेमला नाही, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. आता निर्णय कसे घ्यायचे हे ठरवायचं, तर ते तरी कोणत्या पद्धतीनं? सात वेगवेगळे प्रस्ताव आले, डिसेंबरात मतदान होऊन पेप 8016 निवडला गेला आणि 2019 च्या सुरुवातीला पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल बसली. तिच्यात स्वतः गीडोही होते! जगभर वापरली जाणारी भाषा, तिच्या कोर डेव्हलपरांचे कित्येक महिने यात गेले. गीडोंनी शांतपणे निरोप घेतला म्हणून निभावलं.

त्या कौन्सिलचे नियम मला आवडतात. प्रत्येक मोठ्या रिलीजनंतर, म्हणजे नवी आवृत्ती आली की, अख्खी कौन्सिल नव्यानं निवडायची. एकाच कंपनीत काम करणारे दोघांपेक्षा जास्त नकोत. आणि आपले अधिकार शक्य तितके कमी वापरायचे, हेही नियमातच लिहिलेलं.

हा शेवटचा मुद्दा डेबियनला, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टला, फार आधी कळला होता. 1998 च्या त्यांच्या घटनेनुसार प्रोजेक्ट लीडर दरवर्षी निवडला जातो आणि मतपत्रिकेवर 'यांपैकी कुणीच नको' असाही पर्याय असतो. पण काम करण्याचं बंधन कुणावरच नाही, असंही तीच घटना सांगते. म्हणजे लीडर कुणाला फर्मान सोडू शकत नाही. खुर्चीत सत्ताच बेताची, त्यामुळे ती सोडताना जीव तुटत नाही. 2019 मध्ये तर सुरुवातीच्या मुदतीत एकही उमेदवार उभा राहिला नाही. पण अशा वेळी मुदत आठवड्यानं वाढवायची, हे आधीच लिहिलेलं होतं. मुदत वाढली, उमेदवार आले, निवडणूक पार पडली.

त्याच डेबियनच्या तांत्रिक समितीला मात्र बरीच वर्षं मुदतच नव्हती; एकदा नेमलेला सदस्य स्वतः उठेपर्यंत बसलेला. 2014 मध्ये मतदानानं ठरलं, की ठरावीक काळ झाला की सर्वांत जुन्या सदस्यांपैकी दोघांपर्यंतची मुदत वर्षअखेरीला आपोआप संपेल. 'आपोआप' महत्त्वाचं. कुणी कुणाला 'तुम्ही आता जा' म्हणायचं नाही, त्यामुळे जाण्यात अपमान नाही.

'मग लिनक्सचं काय?' असं लगेच विचारलं जातं. लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू करणारे लायनस टॉरवाल्ड्स 1991 पासून प्रमुख आहेत, निवडणूक नाही, मुदत नाही. खरं आहे. पण 2018 मध्ये ते काही आठवडे बाजूला झाले तेव्हा कर्नलचे दुसरे एक मेंटेनर (कोड सांभाळणारे) ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलची 4.19 ही आवृत्ती काढली. नियमावलीतून आली नाही, तरी सोय होती. कर्नलच्या एखाद्या भागाचं वर्षानुवर्षांचं ज्ञान दरवर्षी फिरवता येत नाही, आणि फिरवूही नये. अधिकार फिरतो, जाण फिरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात अडकू नयेत एवढं बघायचं.

अडकल्या की काय होतं ते एक्सझेड या, फाइलींचा आकार कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात दिसलं. थकलेला, बिनपगारी, एकटा मेंटेनर. 'काम पुढे सरकत नाही, दुसऱ्याला अधिकार द्या' म्हणून त्याच्यामागे लागलेली खाती. जिया टॅन या नावाच्या खात्यानं चिकाटीनं मदत करत विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना एसएसएच लॉगिन (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरणं) किंचित संथ वाटलं म्हणून ते उघडकीला आलं. यात मेंटेनरला दोष द्यायला माझं मन धजत नाही. नेतृत्वबदल तिथेही झालाच की, फक्त दमणुकीच्या आणि दबावाच्या रेट्यानं.

म्हणून पहिला कागद अगदी रुक्ष लिहा. डोमेन कुणाच्या नावावर आहे, पॅकेज रजिस्ट्रीचं (जिथून लोक सॉफ्टवेअर उतरवून घेतात तिथलं) खातं कुणाकडे, रिलीजवर सही करणारी डिजिटल किल्ली कुठे, मर्ज कोण करू शकतं, म्हणजे आलेला बदल मूळ कोडमध्ये कोण घेऊ शकतं. प्रत्येक ठिकाणी किमान दोन माणसं. वर्षभर न फिरकलेल्याचे अधिकार कसे काढायचे आणि परतला तर कसे द्यायचे. नव्या माणसाला अधिकार देताना किती जणांची संमती लागेल. मतमोजणीच्या पद्धतीवर महिनाभर भांडू नका. प्रोग्रामरांना त्यात फार गोडी असते, हे मी पाहिलंय.

आणि मुदत विचारत असाल, तर ती रिलीजला जोडा, कॅलेंडरला नको. जुन्या प्रमुखानं पुढच्या एका रिलीजला विचारतील तेव्हा सल्ला द्यावा, पण मर्जचा अधिकार त्याच्याकडून त्याआधीच काढून घ्यावा.