शंभर दिनार जड की शंभर रियाल?

गावच्या घराची कौलं पावसाआधी बदलायची ठरली आणि फॅमिली ग्रुपवर वर्गणी सुरू झाली. मी मस्कतहून शंभर रियाल लिहिले, आतेभावाने बहारीनहून शंभर दिनार. लगेच हर्णैहून थोरल्या काकांचा व्हॉइस मेसेज, "बहारीनवाल्याने जास्ती दिलेन हो, दिनार जड असतो." खाली सगळ्यांचे अंगठे.

आता हे खोटं नाही. दिनार 2.66 डॉलरचा, आमचा ओमानी रियाल 2.60 चा. पण फरक काढा ना! शंभर दिनारचे होतात 102 रियाल 260 बैसा (हजार बैशांचा एक रियाल). म्हणजे वरचे सव्वादोन रियाल, आपले पाचेकशे रुपये, हर्णैच्या लिलावात तेवढ्यात बरंसं पापलेट पण पदरात पडायचं नाही, आणि त्यावरून घरात कोण मोठा ते ठरतं. बरं, हा फरक 1986 पासून तेवढाच आहे. दोन्हीकडचं तेल डॉलरमध्ये विकलं जातं म्हणून दोन्ही चलनं डॉलरला बांधलेली, डॉलर चढला की दोघं चढणार, उतरला की दोघं उतरणार, मग एकमेकांत हलणार काय? पण रोज सकाळी रुपयाचा भाव बघायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे पटतच नाही. काका अजून विचारतात, "आज दिनार कितीवर आहे रे?" कालच्यावरच, काका.

राग आला होता म्हणून जुने आकडे काढले. ग्रुपवर टाकले असते तर भांडण झालं असतं, इथे टाकतो.

सुरुवात आपल्यापासूनच होते, हे मला इथल्या ऑफिसात सांगायला फार आवडतं. या सगळ्या पट्ट्यात आपला रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापारापायी रुपये बाहेर जायला लागले (आमच्या किनाऱ्याला हे वेगळं सांगायला नको) म्हणून रिझर्व्ह बँकेने 1959 ला आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, नंबरच्या आधी झेड अक्षर. मग कुवेत 1961 ला बाहेर पडलं, बहारीनने 1965 ला 10 रुपयांना 1 दिनार धरून स्वतःचं चलन काढलं, आणि वर्षही झालं नाही तोच 6 जून 1966 ला आपण रुपया उतरवला, डॉलर 4.76 रुपयांवरून थेट 7.50. बहारीन वेळेत सुटलं म्हणायचं. इथवर आलो की ऑफिसातलं माझं भाषण जरा लवकर आटपतं.

ओमानने स्वतःचा रियाल काढला 1970 ला, एका पौंडाला एक. पौंड तेव्हा 2.40 डॉलरचा आणि बहारीनचा दिनार 2.10 चा. करा हिशोब. शंभर रियाल म्हणजे 114 दिनार! 1973 ला रियाल 2.895 डॉलरवर बांधला. दिनार मागून वर सरकत 1980 च्या सुमारास आजच्या 2.66 वर येऊन बसला, तरी रियालच जड होता, शंभराला जवळपास 109 दिनार. म्हणजे काकांनी हाच व्हॉइस मेसेज तेव्हा पाठवला असता तर उलटा पाठवला असता.

मग जानेवारी 1986. तेलाचा भाव कोसळत होता, ओमानने रियाल दहा टक्क्यांनी उतरवून 2.60 वर आणला आणि दिनार पुढे गेला. आमचे धाकटे काका, नाना, तेव्हा इथेच मस्कतच्या रूवी भागात होते. ऐंशी रियाल घरी पाठवायचे, डॉलर बाराच्या आसपास, म्हणजे अठ्ठावीसशेचा ड्राफ्ट रजिस्टरने यायचा. तो एकदम पंचवीसशेचा आला. काकूने पाकीट उलटंपालटं करून बघितलं, आजीने पोस्टमनकडे बघितलं, आणि आठवड्याभरात आळीत झालं की नानाचे मस्कतला खर्च वाढलेत. कसले खर्च ते कोणी बोलत नव्हतं. नानांनी पत्रातून डॉलर, पेग (म्हणजे डॉलरला बांधलेला दर) वगैरे सगळं लिहिलं, पण आजीचं एकच, पगार तोच आहे ना मग पैसे गेले कुठे? तेलाचा भाव पडल्यामुळे गेले हे हर्णैत बसून कोण मानणार हो. नाना रिटायर होऊन आले तरी आजी अधूनमधून ते तीनशे रुपये काढायची.

आता माझी खरी खुन्नस कोणावर ते सांगतो. आतेभाऊ ईदच्या सुट्टीत इथे आला, खिशात दिनार. मी त्याला ऐटीत सांगितलं, एका दिनारला एक रियाल बावीस बैसा मिळतील, चाळीस वर्षांचा दर आहे. मनी एक्स्चेंजच्या काउंटरवरच्या बाबाने मशीनवर आकडा दाखवला तर पूर्ण एक रियालसुद्धा नाही! अरे भावा, दोन्ही चलनं बांधलेली, जोखीम शून्य, मग हे कशाचे कापतोस? तर म्हणे दिनारला इथे गिऱ्हाईक नाही, नोटा पडून राहतात. म्हणजे दिनारचे डॉलर धरताना एकदा कापणार, डॉलरचे रियाल देताना दुसऱ्यांदा. आणि बोर्डावर हसत लिहिलेलं, कमिशन नाही. रुपये पाठवायला जा, तिथे मात्र दर कसा काटोकाट देतात, कारण आपली रांग दारापर्यंत असते आणि शेजारीच दुसरं दुकान आहे. आपल्या रुपयाला कितीही नावं ठेवा, गिऱ्हाईक आहे त्याला.

मग मी बहारीनला का जात नाही, असं आई विचारते. दोन टक्क्यांसाठी? इथून मुंबई अडीच-तीन तासांवर आहे, समुद्र आहे, सुरमई मिळते, शाळेत पोरं रुळलीयत. पगाराचा आकडा बघायचा असतो, नोटेचं वजन नाही, आणि माझा आकडा वाईट नाहीये, एवढंच सांगतो.

मध्ये आखातातल्या देशांचं एकच चलन करायचं चाललं होतं. ओमान त्यातून 2006 लाच बाहेर पडला, पुढे तेही बारगळलं. झालं असतं तर काकांची पंचाईत झाली असती. आतेभाऊ डिसेंबरात परत येतोय, त्याला सांगितलंय, दिनार आणू नकोस, डॉलर आण.